तीन जणांनी एमएमओ कसा उभा करायचा आणि मग तो कसा जगवायचा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या गेमचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये व्यवस्थित चालू होता. बंद पडलो होतो ते आम्ही. दापोली तालुक्यात विजेचे खांब आडवे झालेले, मोबाइलचे टॉवर मुके, माडा-पोफळीच्या बागा जमिनीवर. सर्व्हरमध्ये शिरायचे पासवर्ड दोघांकडेच, आणि दोघेही इथेच अडकलेले. अकराव्या दिवशी मी पुण्याला पोचलो, लॅपटॉप उघडला आणि कळलं की दरम्यान एका खेळाडूला एक चूक सापडली होती. देवाणघेवाण चालू असताना नेट तोडलं की वस्तू देणाऱ्याकडेही राहत होती आणि घेणाऱ्यालाही मिळत होती. नऊ दिवसांत नाण्यांचा नुसता चिखल झाला होता.

कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. आमच्या गेममधल्या गावाला तो नव्हता. साधा गेम खेळाडूने बंद केला की थांबतो. एमएमओचं, म्हणजे शेकडो माणसं इंटरनेटवरून एकाच जगात मिळून खेळतात अशा गेमचं, जग मात्र तुम्ही झोपलात, आजारी पडलात, लग्नाला गेलात तरी चालूच असतं. खाली जे लिहितोय ते दोन ते दहा माणसांच्या टीमसाठी आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर मी एकच प्रश्न विचारणार आहे: तुम्ही तिथे नसताना इथे काय होईल?

आधी माणसं मोजा

एमएमओ म्हटलं की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट डोळ्यांपुढे येतो. २००४ साली तो आला, तेव्हा मागे ब्लिझर्डसारखी मोठी कंपनी होती. तुमच्याकडे ती नाही. तेव्हा पहिल्या दिवशी कागदावर एकच आकडा लिहा: एकाच वेळी किती जण खेळत असतील? मी म्हणेन, शंभर. नोंदणी हजारांची झाली तरी चालेल, पण एका क्षणी शंभर. नकाशा, सर्व्हर, देखरेखीचे तास, सगळं या आकड्यावरून ठरवा.

नकाशा मोठा करण्याचा मोह फार होतो. रेवसपासून रेडीपर्यंतचा सगळा किनारा बांधला आणि त्यावर शंभर माणसं सोडली, तर कुणाला कुणी भेटणारच नाही. आम्ही एक खाडी, एक बंदर, एक किल्ला आणि तीन वाड्या इतकंच ठेवलं. गर्दी वाटली पाहिजे. रिकामं जग पाहून खेळाडू एकदा गेला की तो परत येत नाही, आणि तो गेला म्हणून पुढच्याला जग आणखी रिकामं दिसतं.

यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे रापण. ज्यांनी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे त्यांना सांगायला नको. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे, मग सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे. गेममध्ये आम्ही रापण भरती-ओहोटीला बांधली. खरी भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तशीच गेममधली वेळही सरकते. त्यामुळे दिवसभर पसरलेले खेळाडू ठरावीक वेळी एका किनाऱ्यावर जमतात, आणि वेळ सरकत असल्यामुळे रात्रपाळीवाल्यालाही आठवड्यातून कधीतरी सापडते. रापण वीस जणांनी उत्तम होते, पण सहा जणांनीही झाली पाहिजे. माणसं कमी असतील तर जाळं लहान, मासळी कमी. एखादी गोष्ट वीसजण जमल्याशिवाय सुरूच होणार नसेल, तर ती बहुतेक दिवस होणारच नाही.

चित्रं नंतर, आधी नुसता मजकूर

या प्रकारच्या खेळांचं मूळ १९७८ मध्ये आहे. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा फक्त मजकुरावर चालणारा खेळ लिहिला, आणि अनेक माणसं एकाच जगात वावरू लागली. तुमचाही पहिला नमुना तसाच असू द्या. पायथॉन येत असेल तर एव्हेनिया हे मोफत साधन त्यासाठीच आहे. एका महिन्यात खाडी, बाजार आणि रापण शब्दांत उभी करा, पंधरा ओळखीच्यांना बोलवा आणि दोन आठवडे रोज संध्याकाळी खेळू द्या. तिसऱ्या आठवड्यात बोलावणं न धाडता ते आले, तर चित्रांवर पैसा घाला. आले नाहीत, तर सुंदर चित्रांनीही ते येणार नाहीत. तुमचा तेवढाच महिना गेला.

निर्णय सर्व्हरचा, क्लायंटची फक्त विनंती

खेळाडूच्या फोनमधला प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. त्याने "मी सुरमई पकडली" असं कळवलं आणि सर्व्हरने मान्य केलं, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दर सेकंदाला सुरमई पकडू लागेल. क्लायंटने फक्त "मी गळ टाकला" इतकंच कळवायचं. मासा लागला का, कोणता, किती वजनाचा, हे सर्व्हरनेच ठरवायचं. चालण्याचा वेग, वस्तूंची किंमत, होडीतलं डिझेल यांचंही तसंच. नंतर हे दुरुस्त करणं म्हणजे घराचा पाया बदलणं, म्हणून पहिल्या ओळीपासून असंच लिहा.

सर्व्हर ठरावीक ठोक्यांवर जग पुढे नेतो. त्या ठोक्याला टिक म्हणतात. बंदुकांच्या खेळात सेकंदाला तीस-साठ टिक लागतात. रुनस्केपचा टिक मात्र ०.६ सेकंदाचा आहे आणि ईव्ह ऑनलाइनमधलं अवकाश सेकंदाला एकाच टिकने पुढे सरकतं. हे दोन्ही खेळ वीस वर्षांहून जास्त टिकलेत. मासेमारी, शेती, व्यापार यांवर उभ्या असलेल्या खेळाला मंद टिक शोभतो, आणि आपल्याकडच्या नेटवर्कला तर तो फारच मानवतो.

आता गर्दीचा हिशोब. एका खेळाडूची जागा आणि हालचाल १६ बाइटमध्ये बसते असं धरा, आणि सेकंदाला पाच वेळा ती कळवायची आहे. आसपासच्या ३० जणांची माहिती पाठवायची तर सेकंदाला २,४०० बाइट होतात, म्हणजे सोबत जाणारी पत्त्याबित्त्याची माहिती धरून तासाला साधारण ९ एमबी. हे कुठल्याही फोनला झेपतं. पण ५०० जण एका किनाऱ्यावर आले आणि प्रत्येकाला प्रत्येकाची माहिती द्यायची ठरवली, तर एकेका खेळाडूला सेकंदाला ४०,००० बाइट आणि सर्व्हरवरून बाहेर सेकंदाला २ कोटी बाइट. माणसं सतरापट वाढली, ओझं जवळजवळ २८० पट.

म्हणून नकाशाचे चौकोन पाडा आणि खेळाडूला स्वतःचा चौकोन व शेजारचे आठ एवढ्याचीच खबर द्या. खूप गर्दी झाली तर जवळच्यांची माहिती वारंवार आणि लांबच्यांची विरळ पाठवा. ईव्हने यावर वेगळा मार्ग काढला. मोठ्या लढाईत सर्व्हरला झेपेनासं झालं की तिथला काळच संथ होतो, अगदी मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. सगळ्यांना सारखाच संथ. मला ही कल्पना फार प्रामाणिक वाटते.

रेंज जाणार हे धरूनच चाला

मुंबईचा सर्व्हर कोकणाला जवळ आहे, अंतराचा प्रश्न नाही. प्रश्न येतो तो घाटात, लाल मातीच्या दरडीआड आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यांत. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की खेळाडू गेला. सहा-सात मिनिटांनी तो परत येईल. तेव्हा त्याला पुन्हा लॉगिन करायला लावू नका. संपर्क तुटल्यावर त्याचं पात्र दहा मिनिटं राखून ठेवा, त्याला सुरक्षित जागी बसवा, आणि फोन जोडला गेला की जुन्याच सत्रात घ्या. रापणीत असेल तर त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे.

आणखी एक. प्रत्येक विनंतीला क्लायंटने वेगळा क्रमांक द्यावा. नेट अडखळलं की क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो, आणि क्रमांक नसेल तर सर्व्हर एकच जाळं दोनदा विकून बसतो. चाचणी घेताना ऑफिसच्या वायफायवर भरवसा ठेवू नका. पावसाळी संध्याकाळी एसटीत बसून खेळून बघा.

वस्तू दुप्पट होऊ देऊ नका

निसर्गच्या वेळची आमची चूक अशी होती. देणाऱ्याच्या पोतडीतून वस्तू काढणं आणि घेणाऱ्याच्या पोतडीत घालणं, या दोन वेगळ्या नोंदी होत्या. प्रत्येक खेळाडूची माहिती आम्ही दर पाच मिनिटांनी एकदम साठवत होतो. देणाऱ्याचा संपर्क नेमका मध्येच तुटला की त्याची नवी नोंद साठायची राहून जायची आणि परत आल्यावर जुनी पोतडी भरलेली दिसायची.

उपाय जुना आणि पक्का आहे. पोस्टग्रेससारखा डेटाबेस वापरा आणि देवाणघेवाणीच्या दोन्ही बाजू एकाच व्यवहारात नोंदवा. होतील तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. मौल्यवान वस्तूला स्वतःचा क्रमांक द्या आणि एक क्रमांक एकाच मालकाकडे असू शकतो हा नियम डेटाबेसलाच सांगून ठेवा. त्यावर खतावणी ठेवा: कुठून, कुठे, किती, कधी, कोणत्या कारणाने. या खतावणीतली ओळ कधी खोडायची नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची.

आमच्याकडे खतावणी होती, म्हणून आम्ही तरलो. सगळं जग नऊ दिवसांपूर्वीच्या नोंदींवर परत न्यायचं ठरवलं असतं तर वादळाने घर मोडलेल्या, तरी कुठूनतरी चार्जिंग करून खेळलेल्या माणसांची कमाईही गेली असती. त्याऐवजी दुप्पट झालेल्या वस्तूंचा माग काढला आणि तेवढ्याच परत घेतल्या. त्याला तीन आठवडे लागले.

बॅकअप रोजचा हवा, दुसऱ्या शहरात हवा, आणि दर तीन महिन्यांनी त्यातून सगळं जग एका रिकाम्या सर्व्हरवर उभं करून बघायला हवं. उभं करून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

आवक-जावक

छोट्या टीमचे गेम तांत्रिक बिघाडाने जितके मरतात, त्याहून जास्त महागाईने मरतात असं माझं मत आहे.

हिशोब करून पाहू. रोज २०० जण दोन-दोन तास खेळतात. दर तासाला प्रत्येकजण गेमच चालवतो त्या दलालाला मासळी विकून ५० नाणी मिळवतो. म्हणजे रोज २०,००० नवी नाणी जगात आली. होडीची डागडुजी, बर्फ, डिझेल, फाटलेली जाळी यांवर रोज १२,००० जातात. उरली ८,०००. महिनाभराने २,४०,००० नाणी जादा, म्हणजे माणशी १,२००. पहिल्या दिवशी ३०० नाण्यांची वाटणारी होडी आता कुणी हजारालाही विकणार नाही, आणि नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी फक्त शंभरच मिळतात.

इथे एक चूक हमखास होते. खेळाडूने खेळाडूकडून घेतलेल्या वस्तूची रक्कम जावक धरली जाते. ती जावक नाही, नाणी फक्त हात बदलतात. जावक म्हणजे जगातून कायमची गेलेली नाणी. आमच्या गेममध्ये हर्णै बंदरावर होतो तसा संध्याकाळचा लिलाव आहे. त्यात प्रत्येक सौद्यावर शेकडा पाच कापले जातात आणि ती नाणी नष्ट होतात. सकाळी चहाच्या आधी मी आवक, जावक आणि दहा नेहमीच्या वस्तूंचे भाव बघतो. आवक एका दिवसात दुपटीने वाढली तर सर्व्हर आपोआप देवाणघेवाण थांबवतो आणि तिघांनाही फोन जातो. निसर्गच्या वेळी एवढं एक कलम असतं तर दुसऱ्याच दिवशी भोक बुजलं असतं.

अल्टिमा ऑनलाइन १९९७ मध्ये आला तेव्हा त्यात हरणं, लांडगे यांची खरी अन्नसाखळी चालवायचा बेत होता. खेळाडूंनी दिसेल ते प्राणी मारले आणि बेत बासनात गेला. ईव्ह चालवणाऱ्या आइसलंडच्या सीसीपीने २००७ मध्ये चक्क अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर घेतला. आपल्याला तो परवडणार नाही, पण आपल्याकडे कोळ्यांचं शहाणपण आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. गेममध्येही आम्ही तीच बंदी ठेवली. ताजी मासळी थांबते, आवक घटते. एप्रिल-मे महिन्यांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी म्हणून ज्यांनी बोंबील, सुकट, बांगडा सुकवून ठेवला त्यांचे दिवस येतात. होड्या शाकारून दुरुस्तीला बसतात, म्हणजे जावक वाढते. नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्या खुला होतो तेव्हा बाजार बराच निवळलेला असतो. महागाई आवरण्यासाठी आम्ही आजवर जेवढे उपाय केले, त्यांत हाच खेळाडूंना शिक्षा वाटला नाही.

मराठी अक्षरांसाठी वेगळा आठवडा राखा

पडद्यावर "दर्या" आणि "दऱ्या" हे शब्द शेजारी लिहून बघा. दोन्ही नीट उमटले तरच ते इंजिन, म्हणजे गेम बांधायचं तयार साधन, घ्या. काही इंजिनांत जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरामागे जातो. गोडो या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. मुक्त आणि बलू हे खुल्या परवान्याचे फॉन्ट लहान पडद्यावर छान वाचता येतात.

खेळाडूंच्या नावांत आणखी एक खड्डा आहे. "ऱ" संगणकात एका चिन्हानेही लिहिता येतो आणि "र" व नुक्ता (खालचा टिंब) जोडूनही. दिसायला सारखं, साठवायला वेगळं. कुणीतरी मानाच्या खेळाडूच्या नावाची हुबेहूब नक्कल करून लोकांना फसवणार. नाव साठवण्याआधी युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणा आणि अदृश्य जोडचिन्हांचाही एकच नियम करा.

भांडणं

मालवणीत गाळी घालून विचारपूस होते. परक्या यादीवर चालणारा चॅटचा गाळणा दोन जिवलग मित्रांना बंद करतो, आणि सभ्य शब्दांत एखाद्या मुलीला छळणारा मोकळा सुटतो. त्यामुळे शब्दांवर कमी आणि तक्रारींवर जास्त भर द्या. तक्रार एका बोटाने करता यावी, सोबत आधीच्या वीस ओळी आपोआप जाव्यात, आणि चोवीस तासांत माणसाचं उत्तर यावं. शिक्षेच्या पायऱ्या आधी जाहीर करा: समज, एक दिवस गप्प, आठवडाभर बाहेर, कायम बाहेर. टीमच्या मित्रांनाही त्याच पायऱ्या. जुन्या जाणत्या खेळाडूंतून मॉडरेटर निवडा, पण नाणी किंवा वस्तू देण्याचा अधिकार त्यांना कधीही देऊ नका.

चूक पसरते कशी, हेही लक्षात असू द्या. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका बंदिस्त भागापुरता ठेवलेला संसर्ग पाळीव प्राण्यांबरोबर बाहेर आला आणि शहरं ओस पडली. प्रत्येक नव्या गोष्टीला तीच एक गोष्ट बंद करणारं बटण ठेवा, म्हणजे सगळा सर्व्हर बंद करावा लागणार नाही.

पैसा आणि कायदा

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. करमणुकीच्या खेळांना वर्गणी किंवा एकदाच प्रवेश फी घेता येते. म्हणून गेममधली नाणी रुपयांत बदलण्याची वाट कधीच उघडू नका. माझ्या मते मासिक वर्गणी हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग आहे, कारण मग खेळाडूला चिडवून खर्च करायला लावण्याचं कारणच उरत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे आणि पालकांची पडताळलेली संमती लागते. नोंदणीचा फॉर्म करण्याआधी वकिलाला दाखवा. बँकेत बारा महिन्यांचा सर्व्हरखर्च जमा होईपर्यंत दार उघडू नका.

उघडताना आणि उघडल्यावर

दार उघडण्याआधी ठरलेल्या आकड्याच्या तिप्पट बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे खोटे खेळाडू, सोडा. ते चालतील, विकतील, मध्येच तुटतील, परत येतील. मग आठवड्याला पन्नास जणांना आत घ्या. रांग लागली तर लागू दे. रांगेतला माणूस थांबतो, कोसळलेला सर्व्हर पाहिलेला थांबत नाही.

त्यानंतरचं काम म्हणजे वर्षाचं पंचांग. नव्या प्रदेशांच्या मागे लागू नका. टीमने तीन महिने खपून केलेला भाग खेळाडू तीन दिवसांत संपवतात. ऋतू, लिलाव, रापण, शिमग्याची पालखी या पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींवर भर द्या. दशावतारात कथा ठरलेली असते आणि संवाद रंगमंचावर सुचतात. आमचे उत्सव तसेच असतात, प्रसंग आम्ही देतो आणि बाकी खेळाडू रचतात. गणपतीच्या दिवसांत आम्ही काहीच नवं आणत नाही. चाकरमानी घरी आलेले असतात, टॉवरवर ताण असतो, आणि आमच्याही घरी आरती असते.

मोठा बदल करताना हात आखडा. स्टार वॉर्स गॅलक्सीजने नोव्हेंबर २००५ मध्ये खेळाची घडीच बदलली आणि वर्षानुवर्षं घडवलेली पात्रं ओळखू येईनाशी झाली. लोक दुखावून गेले. फायनल फँटसी १४ ने उलट केलं. २०१० चा फसलेला खेळ फसला हे मान्य केलं, जुनं जग कथेतच संपवलं आणि २०१३ मध्ये नव्याने उभं केलं.

टीममध्ये रात्रीची पाळी लावा. एका आठवड्याला एकच राखणदार, बाकीच्यांनी फोन दूर ठेवून झोपायचं. पासवर्ड तिघांकडे, आणि तिघांपैकी एकजण तरी घाटावर. आमची तिसरी सोबतीण आता पुण्यात असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा इकडे पुन्हा अंधार झाला. तिने आदल्या संध्याकाळीच गेममधल्या बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा चढवला, होड्या खाडीत घेतल्या, लिलाव बंद केला आणि सूचना लावली की किनाऱ्यावरचे खेळाडू परत येईपर्यंत कुणाचीही होडी झिजणार नाही, कुणाचाही वाटा बुडणार नाही. सहाव्या दिवशी मला रेंज मिळाली. मी आवक-जावक उघडून पाहिली. दोन्ही शून्य होत्या, आणि धक्क्यावर चाळीस-एक पात्रं नुसती बसून गप्पा मारत होती.